पायऱ्या नसलेला शब्द

"नजर थोडीशी कमी झालीय," डॉक्टर म्हणाला आणि स्वच्छच असलेली यंत्राची काच पुन्हा पुसू लागला.

बाईंनी हनुवटी यंत्रावरून मागे घेतली. "थोडीशी? टिल्लू, विशेषणाला काय चिकटवायचं ते विचार करून चिकटवावं. शिकवलं होतं मी."

डॉक्टर चमकला. केसपेपरवरचं नाव वाचून त्याने त्यांना आधीच ओळखलं होतं. पण पस्तीस वर्षांनी, डोक्यावरचे केस गेल्यावर, त्या आपल्याला ओळखतील असं काही त्याला वाटलं नव्हतं.

"ओळखलंत, बाई?"

"आवाज बदललाय, सूर तोच आहे. गृहपाठ झाला नसला की असाच नाकात बोलायचास."

त्याला हसू आलं. शाळेचा दगडी जिना आठवला. बाई इंग्रजीचा तास तिथंच घ्यायच्या. चार पायऱ्या, चार मुलं. सगळ्यात खाली 'फेअरली', मग 'क्वाइट', त्यावर 'व्हेरी' आणि टोकाला 'एक्स्ट्रीमली'. बाईंनी 'हॉट' म्हटलं की खालच्याने कोमट आवाजात 'फेअरली हॉट' म्हणायचं, आणि वरच्याने घसा फुटेस्तोवर ओरडायचं. हा वर्गात सगळ्यात बुटका, म्हणून कायम खालच्या पायरीवर. एकदा बाईंनी 'ब्लाइंड' म्हटलं. याने आपलं इमानेइतबारे 'फेअरली ब्लाइंड' ठोकून दिलं. बाईंनी चौघांनाही खाली उतरवलं.

"या शब्दाला पायऱ्या नाहीत रे. दिसत नाही म्हणजे नाही. फार तर 'ऑलमोस्ट' लावा, नाहीतर 'कम्प्लीटली'. मधलं काही चालायचं नाही."

त्या दिवशी सगळा वर्ग खो खो हसला होता.

"उजवा डोळा?" बाईंनी विचारलं.

डॉक्टरने हातातलं फडकं खाली ठेवलं. "कम्प्लीटली."

"आणि डावा?"

तो खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसला. गुडघ्याला गुडघा लागेल इतका जवळ. "ऑलमोस्ट, बाई. आज नाही, पण वर्षभरात. जिथे बघाल नेमकं तेवढंच पुसट होत जाईल. कडेचं दिसत राहील. वाचन मात्र..."

बाईंनी हातातला रुमाल उलगडला, पुन्हा घडी घातली. डोळ्यांना लावला नाही.

"बरोबर," त्या म्हणाल्या. "आता नीट सांगितलंस."

"इंजेक्शनं आहेत, बाई. आपण आजच सुरू करू. वेग तरी कमी..."

"करू की. मी कुठे पळून चाललेय? आधी ऊठ. त्या खिडकीपाशी जाऊन उभा राहा."

पन्नाशीला टेकलेला डॉक्टर मुकाट्याने उठला आणि दोन्ही हात बाजूला सोडून उजेडात उभा राहिला. बाईंनी मात्र तोंड भलतीकडेच वळवलं, भिंतीकडे. रुसल्यासारखं. मग मान हळूहळू थोडी इकडे, थोडी तिकडे करत त्यांनी डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यात त्याला बरोबर पकडलं आणि बराच वेळ तसंच धरून ठेवलं.

"अगबाई, मिशी आहे होय ती!" त्या म्हणाल्या. "मला मगापासून वाटतंय, तुझ्या तोंडावर सावली पडलीय."