उंबऱ्याबाहेरचा आवाज

लहान्याचं बूड एका जागी टेकत नव्हतं. कैनाड गावातल्या त्या लग्नघरी सकाळपासून त्याचं आपलं आतबाहेर, आतबाहेर चाललं होतं. आतल्या खोलीत भिंतीवर लग्नाचा चौक, म्हणजे पिठाने काढलेली देवाची चौकट, लिहिलेला, त्याच्यासमोर माइक, ओट्यावर मशीन, मांडवाच्या खांबाला कर्णा. मशीन म्हणजे त्याचा जुना वॉल्व्हवाला अ‍ॅम्प्लिफायर. दोन हजार सतरा साल उजाडलं तरी पठ्ठ्याने तो सोडला नव्हता. तलासरीचे डीजेवाले हसायचे. हसू देत.

आज जीव टांगणीला लागायला कारणही तसंच होतं. त्याची आई बुधीबाई धवलेरी, म्हणजे लग्नात गाण्यातून देवांना बोलावणारी. सत्तरी ओलांडली तसा तिचा आवाज बसत चालला. मागच्या दोन लग्नांत लोकांनी तोंडावर सांगितलं, म्हातारीचा आवाज उंबऱ्याबाहेर येत नाही. नवरीचा बाप नविन म्हणाला होता, एवढं एक लग्न बघू, नाहीतर यापुढे दुसरी धवलेरी आणू. त्या दिवशी बुधीबाई जेवली नाही. मग लहान्यानेच माइकचं काढलं. डीजेच्या डब्यातून आईचा आवाज पत्रा वाजल्यासारखा येईल, वॉल्व्हमधून येईल तो माणसाचा, असं त्याचं ठाम मत.

मशीनमध्ये त्याचा सगळ्यात लाडका कोण, तर आउटपुट ट्रान्सफॉर्मर. स्वतःच्या हाताने तार गुंडाळून केलेला. त्याचं काम तो कुणालाही सोयरिकीच्या भाषेत समजावून सांगायचा. वॉल्व्ह ताठ्यातला, दाब म्हणजे व्होल्टेज भरमसाट, करंट चिमूटभर. कर्ण्याला पाहिजे करंट भरपूर, दाब थोडका. दोघांचं समोरासमोर काही जमत नाही, म्हणून मध्ये हा बोलणी करणारा बसतो. आणि बोलणी रंगात असताना एक बाजू उठून गेली, तर दुसरीचा सगळा राग मधल्याच्या डोक्यावर. म्हणून मशीन चालू असताना कर्ण्याची तार काढायची नाही. हे सगळं तो गावभर सांगायचा, फक्त बायकोला सांगायचं राहिलं होतं. सुकीला ताकीद एवढीच, मशीनला हात लावायचा नाही.

दुपारी बुधीबाई चौकासमोर उभी राहिली. लहान्या आत तिच्यासाठी माइक खालीवर करत होता. बाहेर कर्ण्यावर, मशीनला जोडलेल्या कुणाच्यातरी मोबाइलमधलं गाणं दणदणत होतं. धवलेरी उभी राहिली की दुसरा आवाज चालत नाही, आणि ओट्यावर तर सुकी एकटीच. तिची तारांबळ उडाली. नवऱ्याचा शब्द तिने अगदी तंतोतंत पाळला. मशीनला बोट लावलं नाही, कर्ण्याची तार ओढून काढली.

कर्णा गप्प झाला. लहान्याला वाटलं, कुणीतरी मोबाइल बंद केला. गाणं मशीनच्या आत तसंच चालू होतं. मग तडतड झाली आणि जळक्या वार्निशचा वास आत आला. तो धावत ओट्यावर आला, बटण बंद केलं, पण ट्रान्सफॉर्मर कामातून गेला होता. सुकीच्या हातात तार तशीच होती.

"मी मशीनला हात नाही लावला," सुकी म्हणाली.

आत बुधीबाईने गायला सुरुवात केली होती. एकदा सुरू झालं की ते थांबवता येत नाही. मांडवात मात्र काही म्हणता काही ऐकू येत नव्हतं. नवरदेवाचा मामा उमेश मान उंच करून विचारायला लागला, झालं का सुरू? नविनने लहान्याकडे पाहिलं. धरणी पोटात घेईल तर बरं, असं लहान्याला झालं.

सुकीने त्याच्याकडे बघितलंच नाही. ती उंबऱ्यात जाऊन उभी राहिली, पाठ सासूकडे, तोंड मांडवाकडे. सासूची ओळ कानावर आली तशी तिने ती मोकळ्या गळ्याने बाहेर म्हटली. पहिल्या ओळीला आवाज कापला, दुसरीला जरा कमी. वीस वर्षं घरात ऐकत होती, शब्द काही परके नव्हते. चार ओळी होईतो मांडवातली कुजबुज थांबली, उमेशने बिडी विझवली. लहान्या मात्र मेलेल्या मशीनभोवती घिरट्या घालत राहिला. मध्येच ट्रान्सफॉर्मरला हात लावायचा, चटका बसला की काढायचा, पुन्हा लावायचा.

तासाभराने गाणं संपलं. बुधीबाई भिंत धरत बाहेर आली आणि ओट्यावर टेकली. तिला काही कळू द्यायचं नाही, असं लहान्याने ठरवलं होतं.

"आये, मांडवाच्या टोकापर्यंत गेला तुझा आवाज," तो म्हणाला.

"माझा नाही, सुकीचा." म्हातारी पाणी प्यायली, पदराने तोंड पुसलं. "देवांची नावं घेताना दम पुरत नाही तिला. उद्यापासून माझ्याजवळ बसव."

लहान्या काही बोलणार, तेवढ्यात ती मांडवाकडे बघत म्हणाली, "पुढच्या लग्नाला मी तिथं बसेन. बाहेर कसं ऐकू येतं, ते मी कधी ऐकलंच नाही."