गळ्याभोवती

सरकारनं आईबाबांना फासावर लटकवलं, तेव्हापासून मावशीनं माझ्या गळ्याभोवती काही बांधू दिलं नाही. कडाक्याच्या थंडीतही मफलर नाही. शाळेचा टाय खिशातच असायचा. बाईंनी एकदा जाब विचारला, तर मावशीनं शाळेत जाऊन त्यांनाच असं फैलावर घेतलं की टायचा विषयच संपला.

पुढे मी वकील झाले. कोर्टात उभं राहायचं तर गळ्याला पांढरा बँड बांधावाच लागतो. पहिल्या दिवशी तो मावशीनंच बांधला.

"घट्ट होतंय का गं?"

"नाही."

तरी तिनं आत बोट घालून पाहिलंच. मग रोज सकाळी तेच.

आज मी लढवलेल्या खटल्यात एका बाईची फाशी रद्द झाली. मावशी मुद्दाम कोर्टात येऊन बसली होती. आम्ही बाहेर आलो, तशी त्या बाईची लहानगी धावत आली आणि दोन्ही हातांनी माझ्या गळ्याला लटकली. काही केल्या सोडेचना.

मावशी जवळ आली.

"घट्ट होतंय का गं?"

"होऊ दे."