उजवा पाय

पवित्र गुरुवारी उत्तनच्या चर्चमध्ये फादर बारा जणांचे उजवे पाय धुतात, येशूनं शिष्यांचे धुतले तसे. यंदा बारांत ऑगस्टीनचं नाव आलं आणि त्याची झोपच उडाली. डायबिटीसनं चिघळलेला त्याचा उजवा पाय बायकोशिवाय कुणी पाहिलाच नव्हता. फादर तांब्या घेऊन शेजारच्यापर्यंत आले, तसा त्याला घाम फुटला. वास आला तर? त्यानं हळूच डावा पाय पुढे केला. “उजवा,” फादर हसून म्हणाले. मोजा उतरला. आतली पट्टी ओली होती. फादरांचा हात थबकला. तेवढ्यात मागच्या बाकावरून त्याची बायको ॲलिस धावत आली. “फादर, त्याला पानी न्हाय लावायचं!” फादर गुडघ्यावरच बाजूला सरकले. तिनं नवऱ्याचा पाय मांडीवर घेतला, पट्टी सोडली, जखम पुसली, पर्समधून कोरडी काढून बांधली. गाठ मारताना तिनं रोजच्यासारखं विचारलं, “घट्ट न्हाय ना झाली?”