प्रेताला वाक्य नसतं

प्रेताला शिंक आली.

चांगली खणखणीत आली, पार शेवटच्या रांगेपर्यंत पोचली. पाच माणसांच्या त्या नाटक कंपनीत एवढा आवाज एकाचाच होता, आणि नेमकं त्यालाच सोफ्यावर मारून ठेवलं होतं.

त्यांना सगळे स्वगतराव म्हणत. एका नाटकातलं दोन मिनिटांचं स्वगत त्यांनी अकरा मिनिटं ओढलं होतं. तेव्हापासून दिग्दर्शकाने त्यांची धास्तीच घेतली. या खुनाच्या नाटकात त्यांना आधी वकील दिला, मग वकिलाचा कारकून, मग मुका माळी. शेवटच्या तालमीत दिग्दर्शक म्हणाला, पडदा उघडेल तेव्हा तुम्ही मेलेलेच असाल. निदान मरताना तरी दाखवा हो, म्हणून स्वगतरावांनी हात जोडले. दिग्दर्शक बधला नाही. उलट मेलेला माणूस मेलेला दिसावा म्हणून आज त्याने स्वतःच्या हाताने अर्धा डबा पावडर त्यांच्या तोंडावर थापली. शिंक त्या पावडरीची होती.

स्वगतराव डोळे घट्ट मिटून पडून राहिले. धरणी दुभंगली तर बरं, असं त्यांना झालं होतं. तिसऱ्या रांगेत त्यांची बायको बसली होती आणि तिच्याशेजारी तिचा भाऊ. हा मेहुणा दर भेटीत विचारायचा, भावोजी, नाटकात तुम्ही नक्की करता काय? या वेळी बायकोनेच त्याला ठणकावलं होतं की, सगळं नाटक यांच्याभोवती फिरतं. तसं ते फिरत होतंच. फक्त हे पडून होते. आता उद्यापासून भावासमोर तिची मान खाली जाणार, या विचाराने त्यांना रडू यायचंच बाकी होतं.

सभागृह खदखदून हसत होतं. पण इन्स्पेक्टरचं काम करणारा दिग्दर्शक मुरलेला गडी होता. अरे, श्वास चालू आहे, असं ओरडून त्याने सगळ्यांना गप्प केलं आणि सोफ्याशी गुडघे टेकले. वाकून तो स्वगतरावांच्या कानात पुटपुटला, "एक शब्द न बोलता मरा." तिथे थांबला असता तर निभावलं असतं. पण समोर शांत झालेलं सभागृह दिसलं आणि त्याला टाळीचा मोह झाला.

"सांगा," तो गरजला, "कोणी मारलं तुम्हाला?"

स्वगतरावांनी डोळे उघडले.

पलीकडे विधवेचं काम करणारी नटी पांढरीफटक पडली. नाटकात खून तिने केला होता, आणि ते शेवटच्या पाच मिनिटांत उघड व्हायचं होतं. विंगेत प्रॉम्प्टर संहितेची पानं भराभरा उलटत होता, पण प्रेताचं वाक्य त्याला कुठे सापडणार?

स्वगतराव कोपरावर टेकून उठले. आधी त्यांनी पाणी मागितलं. इन्स्पेक्टरला ते स्वतः आणून द्यावं लागलं. स्वगतराव घोट घोट करत प्यायले. मग आपला खून कसा झाला ते सांगायला त्यांनी सुरुवात केली. मागून आलेली पावलं, हळूच लागलेली कडी, गळ्याभोवती आवळत गेलेले ते गार हात. कोणी खोकतसुद्धा नव्हतं. मेहुण्याने आ वासला होता. बायको ताठ बसली होती. तिला तसं बघून त्यांना भरून आलं आणि खुनाचा तपशील आणखी तीन मिनिटं वाढला.

नाव घेऊ नका म्हणून दिग्दर्शक डोळ्यांनी विनवत होता. नटीचं नाव घेण्याचा स्वगतरावांचाही विचार नव्हता. ज्या कंपनीचं मीठ खाल्लं तिचं नाटक बुडवण्यातले ते नव्हते. त्यांनी थरथरता हात उचलला आणि बोट इन्स्पेक्टरच्या छातीवर टेकवलं.

"याने. आता वर्दी चढवून आलाय, पण हात तेच आहेत."

मग ते मेले. सावकाश, तब्येतीत, प्रेक्षकांकडे तोंड करून मेले. टाळ्या थांबल्या तेव्हा नाटक अजून सव्वा तास बाकी होतं, आणि संहितेतलं एकही वाक्य दिग्दर्शकाच्या कामाचं उरलं नव्हतं.