पट्ट्यावरची तारीख

“पंधराचा पाना,” एन्सिओ बॉनेटखालून म्हणाला आणि मागे न बघताच हात पसरला. पाना हातात पडला. बरोब्बर पंधराचा.

त्याला हसू फुटलं. हिल्का! जिला जन्मात पाना आणि पळी यांतला फरक कळला नाही, ती बायको आज न चुकता अवजारं काढून देत होती.

“पंचेचाळीस वर्षं लागली, पण शिकलीस बाई एकदाची.”

“मास्तर तुझ्यासारखा असल्यावर वेळ लागणारच,” हिल्का म्हणाली. पण नेहमीसारखी हसली मात्र नाही.

अंगणात बर्चची पिवळी पानं पडत होती. दुपारी दोनला त्यांची लेक तारया येणार होती, गाडीच्या किल्ल्या न्यायला. उन्हाळ्यात तळ्यावरच्या झोपडीतून घरी परतताना एन्सिओ वाट चुकला, तेव्हापासून तिने एकच धोशा लावला होता. बाबा, आता गाडी पुरे. अरे वा! गाडी गेली की तळं गेलं, जाळं गेलं, शनिवारचं सौनातलं वाफेचं स्नान गेलं. मग उरलं काय? खिडकीत बसून पोस्टमनची वाट बघायची? बस डेपोत तीस वर्षं मेकॅनिक म्हणून घासलेला माणूस होता तो. त्याने ठरवलं होतं, लेक यायच्या आत इंजिनचा तो किंचाळणारा पट्टा आणि त्याला ताण देणारा झिजलेला टेन्शनर स्वतःच्या हाताने बदलायचा आणि तिच्यासमोर गाडी चालू करायची. डोकं गेलेल्या माणसाला हे जमतं का, बोल म्हणावं.

काम कसं लोण्यासारखं चाललं होतं. टेन्शनरचा बोल्ट एका झटक्यात सुटला. इतक्या वर्षांत तो गंजून बसायला हवा होता, पण बसवणाऱ्याने ग्रीस लावलं होतं ना! सकाळी दुकानातही तेच. एन्सिओने तोंड उघडायच्या आत दुकानदाराने खोका पुढे ठेवला. जुन्या गिऱ्हाइकाची गाडी तोंडपाठ असते ती अशी.

काढलेला टेन्शनर त्याने बोटाने फिरवून पाहिला. गुळगुळीत फिरला. खरखर नाही, काही नाही. “थंड आहे म्हणून,” तो पुटपुटला. मग पट्टा उलटा वाकवून पाहिला. एकही भेग नव्हती. “हल्लीचं रबर लबाड असतं बघ. वरून ठणठणीत, आतून संपलेलं.”

हिल्काने मान फिरवली. जाऊन कॉफी आणि वेलदोड्याचा पाव घेऊन आली. तेवढ्यात त्याने नवा टेन्शनर बसवला, नवा पट्टा एकेका पुलीवरून फिरवत चढवला. कुठून वर, कुठून खाली, हातांना सगळं ठाऊक होतं.

“बस आत. मार चावी.”

हिल्काने इंजिन चालू केलं. ते एकसारखं गुणगुणू लागलं.

“आहे आवाज?” तो ओरडला.

“नाही.”

“आणि कालपर्यंत कसा बोंबलत होता!”

डेपोत एक शिस्त होती. काढलेला पट्टा फेकायचा नाही. पाठीवर पांढऱ्या पेनाने तारीख घालायची आणि डिकीत, स्टेपनीच्या खड्ड्यात ठेवायचा. थंडीत जंगलातल्या रस्त्यावर नवा तुटला, तर जुना घरापर्यंत पोचवतो. शिवाय लिहिलेलं बरं. एन्सिओ कोणाच्या तोंडी सांगण्यावर कधी विसंबला नाही. लिहिलेलं दाखव, म्हणायचा. त्याने हिल्काला तारीख विचारली, एकोणीस सप्टेंबर लिहिली आणि डिकीकडे निघाला.

“थांब, मी ठेवते!” हिल्का घाईघाईने उतरू लागली. “दे इकडे!”

पण डिकी उघडली होती.

खड्ड्यात चार पट्टे होते. सगळ्यांत खालचा भेगाळलेला, कडा उसवलेल्या. त्यावर दोन सप्टेंबर. वरचे तीन करकरीत. सात सप्टेंबर. बारा. सतरा. अक्षर त्याचंच होतं. सातच्या आकड्याच्या पोटात तो मारायचा ती आडवी रेघसुद्धा.

इंजिन गुणगुणत राहिलं. कुणी ते बंद केलं नाही.

“तुला माहीत होतं?”

“दुसऱ्या वेळी सांगितलं होतं मी, पट्टा आत्ताच बदललायस म्हणून. खोटारडी म्हणालास मला. दिवसभर बोलला नाहीस.” हिल्काने डोळे पुसले. “मग नाही सांगितलं. दरवेळी पट्टा मीच ठेवून द्यायची. तुझं अक्षर होतं रे, फेकवेना. आणि काम करताना तू किती खुशीत असतोस.”

एन्सिओ डिकीच्या कडेवर बसला. त्याला रडू आलं. तेलकट हातांनी तोंड तरी कसं झाकणार? तसाच रडला. हिल्का शेजारी बसून राहिली.

थोड्या वेळाने त्याने पुन्हा पेन काढलं. हातातला पट्टा मांडीवर सपाट धरला आणि तारखेखाली सावकाश काहीतरी लिहिलं. उठून इंजिन बंद केलं, किल्ल्या काढून हिल्काच्या मुठीत दिल्या. मग घरात जाऊन दाराजवळच्या, किल्ल्यांच्या खिळ्याला तो पट्टा अडकवला.

“तारया आली की किल्ल्या दे तिला,” तो मागून आलेल्या हिल्काला म्हणाला. “उद्या मी किल्ल्या मागेन. भांडेन. तुला खोटारडी म्हणेन. तेव्हा मला इथे आणून उभं कर.”

हिल्काने पट्टा उजेडाकडे वळवला. एकोणीस सप्टेंबरच्या खाली लिहिलं होतं:

किल्ल्या मीच दिल्या. एन्सिओ.