नाव घातलेला डबा

तानुबाईंनी मांडणीवरचा स्टीलचा डबा खाली घेतला, पदराने पुसला आणि त्यात शेंगदाण्याचे लाडू भरायला सुरुवात केली. डब्यावर त्यांच्या नवऱ्याचं नाव घातलेलं होतं : ‘मोतीराम साळी, येवले.’

“आई, हा कशाला?” त्यांची सून मोहिनी म्हणाली. “लताचा डबा आहे ना, त्यातच चमचाभर साखर घालते आणि देऊन येते.”

“साखर? ती बाई महिनाभर तुझे डोहाळे पुरवतीय अन् तू तिला साखर दाखवतीस? डबा रिकामा धाडायचा नाय, एवढंच शिकलीस व्हय?” त्यांनी लाडू दाबून बसवला. “साळ्यांच्या घरचा डबा बघू दे तिला. अन् मी बी येते. तिचं तोंड तरी बघू.”

मोहिनीने ओट्याची कड धरली.

लता तिची शाळेतली मैत्रीण होती, हे खरं होतं. ती डबा भरून देत होती, हेही खरं होतं. त्यातली सुकडी, म्हणजे गरोदर बायांना वाटायचं गोड पीठ, लताच्या घरची नव्हती, अंगणवाडीची होती, एवढंच मोहिनीने सांगितलं नव्हतं. अंबडच्या कंपनीला कुलूप लागल्यापासून तिचा नवरा किशोर मिळेल त्या रोजावर जात होता. सुकडी नसती, तर दुपारी तिच्या पोटात नुसता चहा गेला असता. पण घरचा डबा घेऊन अंगणवाडीच्या दारात उभं राहायला तिचे पाय धजावले नव्हते. तिथे सेविका असलेल्या लताने ते ओळखलं आणि आपला डबा भरून तिच्या पदराखाली दिला; तोच घेऊन मोहिनी भिंतीच्या कडेने तिथे जाऊ लागली. सासूबाई येवल्याहून आल्या त्याच आठवड्यात समोरच्या फुलाबाईंच्या सुनेला डबा घेऊन जाताना पाहून म्हणाल्या होत्या, “सरकारच्या घासावर पोर वाढवायचं म्हणजे जन्माआधीच त्याच्या हाती वाडगं द्यायचं.” ते ऐकल्यानंतर खरं सांगण्याची वाटच बंद झाली. त्यांना कळलं, तर हा घासही तुटणार होता.

“हाताला चव हाय तिच्या,” चपला घालताना तानुबाई म्हणाल्या. “पण तुपाला हात लय आखडता. विचारतेच आज.”

वाटेत मोहिनी थांबली. “आई, गरगरतंय. परत फिरू या.”

“मैत्रिणीकडं जाऊन टेक की.” तानुबाईंनी तिचा दंड धरला. तो धरण्यात माया होती, म्हणून मोहिनीला सोडवून घेता आला नाही.

लता दिवसा असे, त्या अंगणवाडीच्या समाजमंदिराच्या दारापाशी मोहिनीचा पाय अडला. आत पोरं ओळीने ताटल्या घेऊन बसली होती. तानुबाईंचा चेहरा खुलला.

“मास्तरीण हाय व्हय तुझी मैत्रीण! बोलली नाहीस ती.”

मग त्यांना भिंतीकडची रांग दिसली. पोटुशा बाया मांडीवर डबे घेऊन बसल्या होत्या. पुढे एका उघड्या पोत्याशी बसून लता मापाने त्यांचे डबे भरत होती. पोत्यावर सरकारी शिक्का होता.

फुलाबाईंची सून सरिता हसून बाजूला सरकली. “ये गं मोहिनी. तुझी जागा धरून ठेवलीय.”

मोहिनीने मान खाली घातली. आता हातातला लताचा डबा हिसकावला जाईल, किंवा सगळ्यांदेखत एखादा शब्द येईल, याची ती वाट पाहत राहिली. दंडावरची पकड मात्र सुटली नाही. तानुबाई पोत्यातल्या त्या तपकिरी पिठाकडे पाहत होत्या. रोज दुपारी मोहिनी त्यातलीच वाटी त्यांच्यापुढेही ठेवत असे.

“मी बी खाल्ली की गं,” त्या म्हणाल्या. आवाज फक्त मोहिनीलाच ऐकू गेला.

लता हात झटकून उठली. तिने दोघींच्या चेहऱ्यांकडे एकदा पाहिलं. “या ना, आजी. काय आणलंत?”

तानुबाईंनी डबा पुढे केला. “लाडू,” त्या म्हणाल्या. “पोरांना वाट.”

लताने लाडू फोडून सगळ्यांना पुरवले. एक चिमुरडी ताटली घेऊन थेट तानुबाईंपाशीच आली, “आजी, अजून.” तानुबाईंनी डब्याच्या तळाचा चुरा बोटांनी गोळा करून तिच्या ताटलीत घातला. मग डबा झाकून काखोटीला मारला आणि त्या वळल्या.

लताने हात पुढे केला. “असा रिकामा कसा नेता, आजी? आपल्यात चालतं का ते?”

तिने डबा घेतला, पोत्याशी बसली आणि माप हातात धरून थांबली. तानुबाईंचा हात नको म्हणायला अर्धा वर आला. रांगेतल्या बायांनी आपापल्या डब्यांत नजरा घातल्या होत्या. सरितानेसुद्धा. तो हात खाली आला आणि मोहिनीच्या पाठीवर टेकला.

“भर,” त्या म्हणाल्या. आणि थोड्या वेळाने, “दाबून भर. सातवा चाललाय तिला.”

बाहेर ऊन चढलं होतं. मोहिनीने डबा घेण्यासाठी हात पुढे केला, पण तानुबाईंनी डबा दिला नाही. त्यांनी डबा हातात फिरवला, नावाची बाजू आपल्या पोटाशी घेतली आणि त्यावरून पदर ओढला. मग महिनाभर मोहिनी जशी चालत आली होती तशाच, भिंतीच्या कडेकडेने, त्या तिच्यापुढे चालू लागल्या.