मेण आणि एरंडेल

“काळ्या रंगाला हे मेणच लाव. लढाईच्या दिवसांत मोठ्या मुश्किलीनं मिळालंय. मागं तू तेल चोपडलंस आणि नगर सुटायच्या आत गाडी धुळीनं पांढरी झाली.” आबासाहेबांनी डबा पुढे केला. तिसगावच्या शाळेत त्यांच्या हस्ते बक्षिसं वाटायची होती. “मग ही एरंडेलाची वाटी कशाला?”

“दाराच्या बिजागऱ्यांना, मालक,” ड्रायव्हर गिदोन म्हणाला.

चार महिन्यांपूर्वी आबासाहेब एकटेच गाडी घेऊन तिसगावाकडून आले होते. “जनावर आडवं आलं, धुऊन टाक,” एवढंच बोलले. धुताना मडगार्डातून लुगड्याची चिंधी निघाली. ते लुगडं गिदोननंच नाताळात बहिणीला घेतलं होतं.

त्यानं सगळ्या गाडीला मेण घासलं. मग एरंडेलात बोट बुडवून बॉनेटवर फिरवलं. दोन्ही सारखंच चमकत होतं. वाटेत बाजाराच्या बैलगाड्या लागल्या, त्यानं एकही मागे टाकली नाही, त्यांच्या धुळीतूनच गाडी नेली.

शाळेपुढं गाडी थांबली तेव्हा काळ्या बॉनेटवर धुळीची पांढरी अक्षरं उठली होती. पोरांनी एका सुरात वाचलं, “मरियम.”

“आमच्या गेलेल्या बाईंचं नाव हाय,” एक मुलगी म्हणाली. मास्तर पुढे आले. गिदोननं खिशातली चिंधी त्यांच्या हातावर ठेवली.

“कोण ही मरियम?” आबासाहेबांनी दबक्या आवाजात विचारलं.

“तेच जनावर, मालक,” गिदोन सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. “तुमच्या गाडीला आडवं आलेलं.”